पिशवीतली तब्येत

आजारी माणसाला भेटायला गेलं की हल्ली एक गोष्ट हमखास घडते. चहाच्या आधी पिशवी येते. औषधाच्या दुकानाची, नाहीतर साडीच्या दुकानाची. त्यात एक्स-रे आणि सोनोग्राफीची पाकिटं, रक्ताचे रिपोर्ट, ईसीजीच्या घड्या घातलेल्या पट्ट्या, तीन-चार दवाखान्यांच्या फायली, डिस्चार्ज कार्डं आणि तळाशी अर्धवट संपलेल्या गोळ्यांची पाकिटं. "बाई, जरा बघा बरं यात काय लिहिलंय," असं म्हणत ती पिशवी माझ्या मांडीवर ठेवली जाते. मी काही डॉक्टर नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झाले आणि आयुष्यभर खटाव तालुक्यातल्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. पण गावात शिकलेलं माणूस म्हटलं की त्याला सगळंच वाचता येतं असा लोकांचा समज असतो. त्यामुळे निवृत्तीनंतरच्या या वर्षांत मी वह्या तपासल्या नसतील एवढ्या पिशव्या तपासल्या आहेत.

या पिशव्या चाळता चाळता माझ्या मनात एक विचार पक्का होत गेला. आपल्याकडे गरीब माणसाला उपचार मिळत नाहीत, हे पूर्वीचं दुखणं होतं. ते आजही पुरतं गेलेलं नाही, पण कमी झालंय. आता नवं दुखणं सुरू झालंय. उपचार मिळतात, पण तुकड्यातुकड्यांनी मिळतात. हृदय एकीकडे, गुडघा दुसरीकडे, साखर तिसरीकडे, मूत्रपिंड चौथीकडे. आणि हे सगळं ज्या एकाच देहात नांदतंय, तो देह कोणाच्याच ताब्यात नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी ही गत आहे.

आधी सरकारी योजनेबद्दल चार शब्द चांगले बोलते, कारण ते तिचं देणं आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ पासून सगळ्या महाराष्ट्रात आली. २०१७ साली तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. पुढे २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली आणि दोन्हींची सांगड घातली गेली. सुरुवातीला पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. ते वाढवून पाच लाख करण्याचा आणि सर्वांनाच योजनेत घेण्याचा निर्णय राज्याने २०२३ साली घेतला. २९ ऑक्टोबर २०२४ पासून तर सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळू लागलं. ते माझ्याकडेही आहे.

ज्यांनी १९७०-८० चा काळ पाहिलाय त्यांना याची किंमत सांगायला नको. आमच्या भागात ऑपरेशन म्हटलं की आधी बैल विकले जायचे, मग दागिने, मग जमिनीचा तुकडा. आणि तेही नसेल तर "आता काय, देवाची मर्जी" म्हणून माणूस घरी आणला जायचा. आज त्याच घरातला माणूस अँजिओप्लास्टी करून चालत एसटीत चढतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा जे पुढे लिहिणार आहे ते योजना बंद करा म्हणून नाही. घर बांधलंय, पण खोल्यांना जोडणारी दारंच ठेवली नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता एक हकिगत सांगते. माझ्या एका विद्यार्थ्याची आई. मी तिला वैनी म्हणते, ती मला बाई म्हणते. वय पासष्टीच्या पुढे. मुलगा चाकणला कंपनीत, वैनी गावाकडे एकट्या. साखरेचा आजार दहा-बारा वर्षांचा. एका जानेवारीत छातीत दुखलं, शहरातल्या रुग्णालयात नेलं, योजनेतून स्टेंट बसला. एक रुपया लागला नाही. घरी येताना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची गोळी, लघवी साफ होण्याची गोळी आणि "महिन्याने दाखवा" असा निरोप मिळाला. महिन्याने एकदा त्या जाऊन आल्या. नंतर भाडं, बरोबर यायला माणूस आणि अख्खा दिवस मोडणं, यामुळे जाणं सुटलं.

पावसाळ्यात गुडघे धरले. तालुक्याच्या गावी हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गुडघ्याचा फोटो काढला आणि दुखण्याची गोळी लिहून दिली. पुढे लिहिलं होतं, एस.ओ.एस. म्हणजे खूपच दुखलं तर घ्यायची. हे इंग्रजी अक्षरांत होतं. वैनींना वाटलं तेही गोळीचंच नाव. त्या सकाळ-संध्याकाळ घेत राहिल्या आणि बरं वाटत होतं म्हणून चिठ्ठी दाखवून दुकानातून पुन्हा पुन्हा आणत राहिल्या. भरीस भर म्हणजे साखरेच्या गोळ्या दोन ठिकाणांहून चालू होत्या. एक सरकारी केंद्रातून, एक गावातल्या खाजगी डॉक्टरांकडून. नावं वेगळी, रंग वेगळा, आतलं औषध तेच, मेटफॉर्मिन. "एक साखरेची आणि एक अशक्तपणाची," असं त्या मला सांगायच्या.

दिवाळीच्या सुमारास पाय सुजले, अन्न जाईना, लघवी कमी झाली. मुलाने पुण्याला नेलं. मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडत आली होती. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी ही तीन औषधं एकत्र आली की मूत्रपिंडावर मोठा ताण येतो, त्यातून साखरेचा रुग्ण असेल तर विचारूच नका, असं तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मुलाला कागदावर चित्र काढून समजावलं. तीन वेळा डायलिसिस करावं लागलं. तेही योजनेतून झालं, तेव्हाही रुपया लागला नाही. नशिबाने मूत्रपिंडं बऱ्यापैकी सावरली. पण पूर्वीसारखी नाहीत, आणि आता होणारही नाहीत.

यात चूक कोणाची, हे मी खूप शोधलं. हृदयाच्या डॉक्टरांनी स्टेंट नीट बसवला, दिलेली औषधंही बरोबरच होती. हाडांच्या डॉक्टरांनी गोळी गरजेपुरतीच लिहिली होती. सरकारी केंद्राने साखरेची गोळी फुकट दिली, गावच्या डॉक्टरांनी दहा वर्षं चालू असलेलं औषध चालू ठेवलं. प्रत्येकाने आपापला पेपर सोडवला आणि प्रत्येकाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. तरी वैनी नापास झाल्या. कारण सगळे पेपर एकत्र ठेवून बघणारं कोणीच नव्हतं. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी क्रिएटिनिनची तपासणी बाहेर दोनेकशे रुपयांच्या आत होते. सरकारी केंद्रातून तर ती बहुधा फुकटच होते. पण ती करून घ्या, असं सांगण्याचं काम कोणाचं? ते कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं.

इथे योजनेची रचना समजून घ्यायला हवी. योजना पैसे देते ते प्रसंगाचे. अमुक शस्त्रक्रियेचं अमुक पॅकेज. रुग्ण दाखल झाला, आरोग्यमित्राने कागद पाहिले, मंजुरी आली, उपचार झाले, घरी सोडलं, बिल गेलं, खातं बंद. केंद्राच्या योजनेत दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी गेल्यावरचे पंधरा दिवस एवढा खर्च धरलेला असतो. काही ठरावीक उपचारांसाठी पाठपुराव्याची पॅकेजेसही आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण एरवीचं बाह्यरुग्ण म्हणून दाखवणं, महिन्याची औषधं, तिमाही तपासण्या, हे सगळं योजनेच्या बाहेर आहे. म्हणजे वैनींच्या त्या वर्षातले रुग्णालयातले जेमतेम पंधरा दिवस योजनेने पाहिले. उरलेले साडेतीनशे दिवस पाहणारं कोणी नव्हतं, आणि बिघडलं ते त्याच दिवसांत.

दुसरी गोष्ट म्हणजे रुग्णालयांची निवड विभागानुसार होते. एखादं रुग्णालय हृदयासाठी यादीत असतं, मूत्रपिंडासाठी नसतं. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. यामागे कारणं असतील, मी ती नाकारत नाही. पण ज्याला दोन आजार आहेत त्याला दोन गावं, दोन फायली, दोन आरोग्यमित्र आणि बहुतेक वेळा त्याच तपासण्या पुन्हा एकदा, हे त्यातून आपोआप येतं. "तो रिपोर्ट आमच्याकडे चालत नाही, इथं पुन्हा करा," हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता ते पाठ झालंय. फोटो पुन्हा, रक्त पुन्हा, आणि योजनेत बसत नसेल तर पैसे पुन्हा.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांमध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोक स्वतःच्या खिशातून किती करतात याचा आकडा दिलेला असतो. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. उतरला हे चांगलंच झालं. पण अजूनही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये आपल्या कनवटीचे जातात, आणि त्यातला मोठा हिस्सा ऑपरेशनचा नसून रोजच्या गोळ्यांचा आणि तपासण्यांचा असतो. मग गरीब माणूस काय करतो? गोळ्या एक दिवसाआड घेतो. पाकीट संपलं की आठवडाभर थांबतो. बरं वाटलं की बंद करतो. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता मध्येच थांबवणं किती धोक्याचं असतं! स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते आणि लाखभराचं काम पन्नास रुपयांच्या गोळीवाचून वाया जातं. योजना लाख देते, पण ते पन्नास रुपये देत नाही.

मी शिक्षिका, त्यामुळे मला हे शाळेच्या भाषेत नीट कळतं. आमच्या शाळेत प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक असायचे. गणिताच्या सरांना मुलाचं मराठी माहीत नसे, चित्रकलेच्या बाईंना गणित माहीत नसे. त्यात काही बिघडत नसे, कारण प्रत्येक वर्गाला एक वर्गशिक्षक असे. पोरगा चार दिवस आला नाही तर घरी निरोप धाडणं, सगळ्या विषयांचे गुण एका प्रगतिपुस्तकात उतरवणं, पालकांना बोलावून "याचं गणित कच्चं नाही, याला फळा दिसत नाही, डोळे तपासा" असं सांगणं, हे वर्गशिक्षकाचं काम. हुशारीत तो गणिताच्या सरांपेक्षा कमी असेल, पण मूल पूर्ण दिसायचं ते त्यालाच.

आणि दुसरी गोष्ट, शाळा सोडल्याचा दाखला. मजुराचं पोर या गावाहून त्या गावाला गेलं तर दाखला मागे मागे जायचा. जनरल रजिस्टरचा नंबर, जन्मतारीख, कोणत्या इयत्तेत होता, सगळं त्यात. नवी शाळा तो वाचून पोराला वर्गात बसवायची. मग साठ-पासष्ट वर्षांचं, तीन आजार असलेलं माणूस एका रुग्णालयातून दुसऱ्यात जातं तेव्हा त्याच्याबरोबर धड एक पानाचा, समजेल असा दाखला का नसावा? डिस्चार्ज कार्ड असतं, मान्य. पण ते बहुतेक वेळा इंग्रजीत, संक्षेपांनी भरलेलं, डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं असतं. आणि त्या दुसऱ्या डॉक्टरांपर्यंत ते पोहोचवण्याचं काम मात्र ज्याला ते वाचता येत नाही त्याच्यावर सोपवलेलं असतं!

तुम्ही म्हणाल, बाईंना जुना फॅमिली डॉक्टर आठवतोय. आठवतो हे खरं. पण त्याच्याबद्दल मला भाबडेपणा नाही. त्याच्या बाटलीतलं लाल औषध सगळ्या रोगांवर एकच असायचं, आणि कितीतरी आजार त्याला ओळखूही येत नसत. स्टेंट तर त्याच्या स्वप्नातही नव्हता. मला तो माणूस परत नकोय, त्याची जागा भरून हवीय. आपल्याला ओळखणारा, आपल्या घरात कोणाला काय झालं होतं हे ठाऊक असलेला आणि "तिकडे जा, पण परत येऊन मला सांग" असं म्हणणारा एक माणूस.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६ साली, भोर समितीने आपल्या देशासाठी आरोग्यसेवेचा जो आराखडा दिला, त्याच्या तळाशी प्राथमिक आरोग्य केंद्रच होतं. १९७८ साली आल्माआटाच्या परिषदेत जगातल्या देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचाच पुकारा केला. अमेरिकेतल्या बार्बरा स्टारफील्ड या विदुषींनी आयुष्यभर हाच विषय अभ्यासला. चांगल्या प्राथमिक सेवेच्या त्यांनी चार खुणा सांगितल्या : पहिल्यांदा जायचं ठिकाण एक असणं, त्या ठिकाणाशी वर्षानुवर्षं नातं टिकणं, बहुतेक गरजा तिथेच भागणं आणि बाकीच्या ठिकाणच्या उपचारांचा मेळ तिथे घातला जाणं. इंग्लंडमध्ये ५ जुलै १९४८ ला सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हापासून तिथे माणसाचं नाव एका जनरल डॉक्टरकडे नोंदलेलं असतं. तिथल्या लांबलचक रांगांच्या तक्रारी माझा भाचा फोनवर सांगतो, तेव्हा ते नंदनवन आहे असं नाही. पण त्याची फाईल कोणाकडे आहे हे त्याला माहीत असतं. थायलंड तर आपल्यासारखाच देश. त्यांनी २००२ साली सर्वांसाठी तीस बाटची योजना आणली, तेव्हा प्रत्येकाची नोंद घराजवळच्या केंद्रात केली आणि मोठ्या रुग्णालयात तिथून पाठवायची पद्धत ठेवली. विमा आणि नोंदणी त्यांनी एकत्र आणली. आपण विमा आणला, नोंदणी राहून गेली.

यावर तीन आक्षेप मला नेहमी ऐकू येतात. पहिला, आता सगळं डिजिटल होतंय, तेव्हा ही अडचण आपोआप सुटेल. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. प्रत्येकाला चौदा आकडी आभा क्रमांक मिळतो आणि त्याला आपले रिपोर्ट जोडता येतात. चांगली गोष्ट आहे, व्हायलाच हवी. पण आमच्या वैनींचा आभा क्रमांक निघाला तरी हाडांच्या डॉक्टरांच्या छोट्या दवाखान्यातली चिठ्ठी हातानेच लिहिलेली असते, ती त्यात चढवणार कोण? आणि समजा चढली, तरी वाचणार कोण? सगळ्या उत्तरपत्रिका एका कपाटात नीट रचून ठेवल्या म्हणून मुलाचं काय अडतंय हे कपाटाला कळत नाही. त्या काढून बघणारं माणूस लागतंच.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. "आधीच गरिबाला कुठे विचारत नव्हते, आता त्याला हवं त्या रुग्णालयात जाता येतंय, तर तुम्ही त्याला पुन्हा गावच्या केंद्राला बांधताय?" या प्रश्नात तथ्य आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. माझं म्हणणं बांधण्याचं नाहीच. छातीत कळ आली तर चिठ्ठी कसली मागता, थेट जावं. पण तिथून परत आल्यावर कुठे जायचं, याचं उत्तर ठरलेलं असावं. जायला चार वाटा असाव्यात, परतायला एक घर असावं.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा. "सरकारी केंद्रात असतंय कोण?" आमच्या भागात लोक हे हसत हसत विचारतात. डॉक्टरांच्या जागा रिकाम्या असतात, औषधं संपलेली असतात, दुपारनंतर कुलूप दिसतं. तरी २०१८ पासून उपकेंद्रांची जी आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली आणि २०२३ पासून ज्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथे सामुदायिक आरोग्य अधिकारी नावाचं एक नवं पद आलंय. सपाटीवर साधारण पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र हा नियम. पाच हजारांत साखर आणि रक्तदाबाची माणसं किती असतील? काही शेकडा. ती नावानिशी माहीत असणं अशक्य नाही. आशाताईंना तर ती आजही माहीत असतात. कोणाच्या घरी गरोदर बाई आहे, कोणाचं लसीकरण राहिलंय, हे त्या न बघता सांगतात. बाळंतिणीचा पाठपुरावा आपण घरोघरी जाऊन करतो, आणि तो करता येतो हे आपणच दाखवून दिलंय. मग स्टेंट बसवून आलेल्या म्हातारीचा का नाही?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. मोठ्या इमारती मी मागत नाही. योजनेतून उपचार झालेल्या प्रत्येक माणसाला घरी सोडताना एक पान मराठीत मिळावं : काय झालं, काय केलं, कोणती गोळी कशासाठी आणि किती दिवस, कोणती गोळी चुकूनही घ्यायची नाही, कोणती तपासणी कधी करायची. त्याच पानाची प्रत त्याच्या गावच्या आरोग्य मंदिरात जावी आणि तिथल्या अधिकाऱ्याने पंधरा दिवसांच्या आत त्याला भेटावं. हे झालं की नाही हे पाहूनच रुग्णालयाच्या बिलाचा शेवटचा हप्ता द्यावा. तेवढं केलं तरी पान वेळेवर पोहोचेल, याची मला खात्री आहे. मोठ्या उपचारानंतर निदान एक वर्षाच्या ठरावीक गोळ्या आणि तपासण्या योजनेतून मिळाव्यात. एका डायलिसिसच्या खर्चात साध्या तपासण्या किती होतील याचा हिशोब माझ्यासारख्या इतिहासाच्या बाईलाही करता येतो. आणि सर्वात महत्त्वाचं, प्रत्येक कार्डामागे एका माणसाचं नाव असावं. योजनेचं नाव किंवा फोनवरचं "एक दाबा, दोन दाबा" मला नकोय. हा रुग्ण माझा आहे असं म्हणणारं माणूस हवं.

सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना कार्ड दिल्यावर तर हे आणखी निकडीचं झालंय. तरुणाला एक आजार होतो आणि तो बरा होतो. आमच्या वयात आजार एकेकटे येत नाहीत, वऱ्हाडासारखे येतात आणि मुक्काम करतात. रक्तदाब, साखर, मोतीबिंदू, गुडघे, प्रोस्टेट, विसरभोळेपणा. एकावरचं औषध दुसऱ्याला बाधतं. या वयाच्या माणसाला पाच लाखांचं कार्ड देऊन पाच दारांवर सोडून देणं म्हणजे आंधळ्याच्या हातात पाच काठ्या देण्यासारखं आहे. त्याला एकच काठी पुरे, पण हात धरणारं कोणीतरी हवं.

सरकार करील तेव्हा करील, तोवर आपण काय करायचं? मी सध्या आमच्या आळीत एक उद्योग करते. ज्यांची पिशवी माझ्याकडे येते त्यांना दोनशे पानी वही आणायला सांगते. पहिल्या पानावर नाव, वय, आजार, कशाची ॲलर्जी आहे ते आणि मुलाचा फोन नंबर. दुसऱ्या पानावर चालू गोळ्या, त्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरात छापलेल्या मूळ औषधाच्या नावासकट, म्हणजे एकच औषध दोन नावांनी चालू असेल तर लगेच दिसतं. पुढे तारीखवार, कोणाला दाखवलं आणि ते काय म्हणाले. कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी आधी वही पुढे करायची आणि "डॉक्टर, या गोळ्यांबरोबर ही चालेल ना?" हे एक वाक्य न लाजता म्हणायचं. काही डॉक्टर वैतागतात. पण बरेचसे खूश होतात, कारण त्यांचीही अडचण तीच असते. कोणती गोळी चालू ठेवायची आणि कोणती बंद करायची हे मात्र मी कधीही सांगत नाही, आणि कोणी सांगूही नये. तो डॉक्टरांचा प्रांत. आपला प्रांत वाचून दाखवण्याचा.

आतापर्यंत अशा एकवीस वह्या झाल्या आहेत. वैनींची वही आता त्यांची नात लिहिते, ती आठवीत आहे आणि तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण एकवीस वह्या म्हणजे काही आरोग्यव्यवस्था नव्हे. ज्याच्या आळीत वाचून दाखवणारं कोणी नाही, ज्याची नात शहरात आहे, त्याचं काय, हा प्रश्न उरतोच. तो सोडवणं हे निवृत्त बाईंचं काम नाही. ज्यांनी कार्ड दिलं त्यांचं ते काम आहे, आणि त्यांना ते पुन्हा पुन्हा विचारणं हे आपलं.

असो. तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस असेल, तर येत्या रविवारी त्यांच्या सगळ्या गोळ्या एका ताटात काढा आणि पाकिटं एकदा नीट वाचा. काय सापडलं ते मला कळवा, आणि त्याआधी त्यांच्या डॉक्टरांना कळवा.